शून्य वर्षाचा इतिहास
इंग्लंडमधील पदवीआधीच्या पायाभूत वर्षाचा उगम संगणकाच्या वर्गात झाला नाही. पुढे कील विद्यापीठ बनलेल्या नॉर्थ स्टॅफर्डशायरच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात संस्थापक ए. डी. लिंडसे यांनी 1950 च्या सुमारास चार वर्षांची पदवी आखली. तिच्या पहिल्या वर्षी प्रत्येकाला कला आणि विज्ञान या दोन्हींची ओळख करून घ्यावी लागे. कोवळ्या वयात विषयांची कपात करणाऱ्या इंग्रजी शालेय पद्धतीला दिलेले ते धाडसी उत्तर होते.

हे वर्ष पुढे जिला जोडले गेले, ती सॉफ्टवेअर अभियांत्रिकी त्यामानाने तरुण. मँचेस्टरमध्ये 1965 साली संगणकशास्त्राची पदवी सुरू झाली. 1968 च्या गार्मिश येथील नाटो परिषदेने रखडणाऱ्या, खर्च फुगवणाऱ्या प्रणालींची चर्चा करताना या शाखेचे नाव रूढ केले.

1980 च्या दशकात अभियंत्यांची चणचण भासू लागली, तेव्हा ए-लेव्हल या शालेय अंतिम परीक्षेला गणित-भौतिकशास्त्र न घेतलेल्यांसाठी वर्षभराचे पूरक अभ्यासक्रम निघाले. ज्यांची वाट सोळाव्या वर्षीच बंद झाली होती, त्यांना ती खऱ्या अर्थाने पुन्हा मिळाली. 1992 मध्ये पॉलिटेक्निक संस्था विद्यापीठे झाल्या आणि त्यांपैकी अनेकींनी हे ‘शून्य वर्ष’ सॉफ्टवेअरच्या पदवीला जोडले. त्यात गणित, प्रोग्रामिंगची तोंडओळख आणि अहवाललेखन शिकवले जाते. अठराव्या वर्षानंतरच्या शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या 2019 च्या ऑगर अहवालाने त्याचा निधी थांबवण्याची शिफारस केली, तरी ते टिकून आहे.