पद्मिनीचे सुटे भाग

मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून निघणारी फियाट ११०० डिलाइट १९७४ मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले, तरी ती रस्त्यावर टिकली. याचे श्रेय टॅक्सीवाल्यांना, आणि भंगारवाल्यांनाही, द्यावे लागेल. हजारो काळ्या-पिवळ्या टॅक्सी रोज झिजत. म्हणून सुट्या भागांना गिऱ्हाईक होते. मोडीत निघालेल्या टॅक्सीचा गिअरबॉक्स, कार्बोरेटर, अगदी काच खाली-वर करण्याचे हँडलसुद्धा दुसरीच्या कामी येई.

पुढे टॅक्सीसाठी २० वर्षांची वयोमर्यादा आली. ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली अखेरची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली. टॅक्सी विरळ होत गेल्या तसे गिऱ्हाईकही आटले आणि मोडही. हौसेने पद्मिनी जपणाऱ्याने आता भाग लेथवर घडवून घ्यावा, नाहीतर दुसरी पद्मिनी मोडावी.