बाधा (गाणगापूर)

बाधा : भूतपिशाच माणसाच्या अंगात शिरून त्याला झपाटते, ही समजूत. ‘लागीर’, ‘बाहेरचे’ हे तिचे बोलीतले पर्याय. देवीचा संचार मानाचा, बाधा मात्र घरात दबक्या आवाजात बोलायची.

बाधा झालेल्यांना महाराष्ट्रातून जिथे नेतात, त्यांत कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातले गाणगापूर विशेष प्रसिद्ध. गावातल्या मठात दत्तावतार मानल्या गेलेल्या नृसिंह सरस्वतींच्या निर्गुण पादुका आहेत. ‘गुरुचरित्रा’तील ब्रह्मराक्षसाच्या उद्धाराची कथाही इथलीच. आरतीचा गजर सुरू झाला, की इतका वेळ भिंतीला टेकून गप्प बसलेली बाई केस मोकळे सोडून घुमू लागते. कुणी खांबावर चढते, कुणी गजांना लोंबकळत दत्तालाच शिव्या घालते. आरती संपते आणि बाई पदर सावरून बसते. शिव्या भुताच्या, बाईच्या नव्हेत, असे सगळेच धरून चालतात. सासुरवाशिणीला एवढी मुभा एरवी कुठे मिळते?

फ्रान्समधील लूदँ येथे ख्रिस्ती जोगिणींच्या अशाच घुमण्याचा ठपका ठेवून 1634 मध्ये उर्बें ग्रांदिए या धर्मगुरूला जिवंत जाळले गेले. गाणगापुरात दोष भुताकडेच राहतो.

मानसोपचारात अशा घुमण्याची गणना विच्छेदी विकारांत होते. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते नरेंद्र दाभोलकर यांच्या 20 ऑगस्ट 2013 रोजी झालेल्या हत्येनंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणे, मारहाण, मिरचीची धुरी हे गुन्हे ठरले. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. नुसते घुमणे मात्र त्यात गुन्हा नाही.