नऊ चौकटी आणि लोखंडी नांगर : किर्लोस्कर उद्योगाच्या प्रारंभपर्वाचा व्यवसाय-प्रारूपाच्या दृष्टीने अभ्यास (१८८८–१९२०)

प्रस्तावना

एखादा उद्योग कसा उभा राहतो, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे बहुधा उद्योजकाच्या जिद्दीत व दूरदृष्टीत शोधले जाते. आधुनिक व्यवस्थापनशास्त्र हेच उत्तर एका कागदावर मांडू पाहते. स्वित्झर्लंडमधील लोझान विद्यापीठात अलेक्झांडर ऑस्टरवाल्डर यांनी प्रा. ईव्ह पिन्यूर यांच्या मार्गदर्शनाखाली २००४ मध्ये व्यवसाय-प्रारूपाविषयी प्रबंध सादर केला. त्यातूनच पुढे ‘बिझनेस मॉडेल कॅनव्हास’ हा नऊ चौकटींचा आराखडा विकसित झाला. या दोघांनी ४५ देशांतील ४७० सहकाऱ्यांच्या साहाय्याने सिद्ध केलेल्या व २०१० मध्ये सर्वत्र पोहोचलेल्या ग्रंथामुळे तो जगभर रूढ झाला. भारतात जानेवारी २०१६ मध्ये ‘स्टार्टअप इंडिया’ उपक्रम सुरू झाल्यानंतर नवउद्योगांच्या शिक्षणाला गती मिळाली आणि हा आराखडा महाविद्यालयांच्या वर्गांतही आला. मात्र छापील तक्ता वाटणे, नऊ रकाने भरून घेणे व गुण देणे, एवढ्यावरच त्याचे अध्यापन थांबण्याचा धोका आहे. हा आराखडा नेमका कशासाठी आहे, हे एका परिचित ऐतिहासिक उदाहरणाच्या आधारे तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

अभ्यासाची दिशा व मर्यादा

या अभ्यासासाठी लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांच्या उद्योगाचा १८८८ ते १९२० हा कालखंड निवडला आहे. लक्ष्मणरावांनी असा तक्ता कधी आखला नव्हता, हे उघड आहे. आजची संकल्पना गतकाळावर लादणे हा इतिहासलेखनातील दोष होय. म्हणून येथे आराखड्याचा उपयोग केवळ प्रश्नावली म्हणून केला आहे. तसेच या उद्योगाविषयीचे बरेचसे लेखन किर्लोस्कर परिवारातील व्यक्तींनीच केलेले असल्याने त्याचा कल यशोगाथेकडे असणे स्वाभाविक आहे. ‘पुढे काय घडले’ हे ठाऊक असल्यामुळे आधीचा प्रत्येक निर्णय अचूक भासतो. तो त्या त्या क्षणी किती अनिश्चित होता, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे.

आराखड्याचे स्वरूप

आराखड्याच्या मध्यभागी ग्राहकाला मिळणारे मूल्य असते. उजवीकडे ग्राहकगट, त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचे मार्ग व त्यांच्याशी असणारे नाते या तीन चौकटी, तर डावीकडे प्रमुख साधने, प्रमुख कामे व भागीदार या तीन चौकटी येतात. तळाशी खर्च व उत्पन्न असते. थोडक्यात, उजवी बाजू ‘कोणासाठी’ आणि डावी बाजू ‘कशाच्या बळावर’ या प्रश्नाचे उत्तर देते.

या चौकटींत मजकूर थेट लिहू नये, तो चिकटणाऱ्या चिठ्ठ्यांवर लिहून लावावा, अशी प्रथा आहे. तिच्यामागे विचार आहे. चिठ्ठी काढता येते व बदलता येते, कारण तिच्यावर लिहिलेले अद्याप केवळ अनुमान असते. अमेरिकेत स्टीव्ह ब्लँक यांनी या आराखड्याची सांगड आपल्या ग्राहक-शोधाच्या पद्धतीशी घातली व प्रत्येक अनुमान खोलीबाहेर पडून ग्राहकांसमोर तपासण्याचा आग्रह धरला, तो यामुळेच.

पहिले प्रारूप : बेळगावचे सायकल दुकान

लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकण्यास गेले, परंतु रंगांधळेपणामुळे त्यांना तो मार्ग सोडावा लागला. यांत्रिक रेखाटनात त्यांनी प्रावीण्य मिळविले व व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते अध्यापन करू लागले. १८८८ मध्ये सुरू झालेल्या सायकल व्यवसायात ते मुंबईहून सायकली पाठवीत व त्यांचे बंधू रामुअण्णा त्या बेळगावात विकत. सायकल चालविण्यास शिकविण्याचे वेगळे शुल्क घेतले जाई.

या दुकानाचा तक्ता आजही सहज भरता येईल. ग्राहकगट म्हणजे बेळगावातील सुस्थित मंडळी. मार्ग म्हणजे दुकान. साधन म्हणजे मुंबईतील खरेदीची सोय. उत्पन्न दुहेरी, विक्रीचे व शिकवणीचे. यातील शिकवणी विशेष लक्षणीय आहे. ज्याला सायकल चालविता येत नाही, तो ती विकत घेणार नाही. म्हणून वस्तूबरोबर तिचा वापरही विकावा लागतो, हे या दुकानाने ओळखले होते. मुंबईतील संस्थेत बढती डावलली गेल्यावर लक्ष्मणराव नोकरी सोडून बेळगावात आले, तेव्हा भांडवलापेक्षा हा अनुभव त्यांच्या अधिक उपयोगी पडणारा होता.

दुसरे प्रारूप : न विकला जाणारा नांगर

बेळगावात त्यांनी कडबा कापण्याची यंत्रे व १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला. आराखड्याच्या डाव्या बाजूने पाहता हे प्रारूप बळकट होते. यांत्रिक ज्ञान, कारखाना व घडविण्याचे कौशल्य, सर्व काही हाताशी होते. मूल्यही खरे होते. लाकडी नांगर जमीन चिरतो. लोखंडी नांगर ती खोलवर उलथवितो व हराळीसारख्या तणाची मुळे वर काढतो. तरीही पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. लोखंडामुळे जमिनीत विष भिनते व ती नापीक होते, असा शेतकऱ्यांचा समज होता.

या समजाची केवळ अंधश्रद्धा म्हणून बोळवण करणे सोपे आहे. पण ज्याचे वर्षभराचे अन्न एका हंगामावर अवलंबून आहे, त्याच्यासाठी अपरिचित अवजार हा जुगारच असतो. सायकल नादुरुस्त झाली तर धनिकाची गैरसोय होई. जमीन बिघडली तर शेतकऱ्याचे घर बुडे. दोन्ही तक्त्यांत ‘ग्राहकगट’ ही चौकट भरलेली दिसते, पण दोन्हींतील जोखीम सारखी नाही. आराखड्यात ही जोखीम लिहिण्यासाठी स्वतंत्र जागा नाही. मूल्य उत्पादकाला दिसून भागत नाही; ते ग्राहकाला स्वतःच्या वावरात दिसावे लागते. हे अंतर पार करण्यास लागलेली दोन वर्षे हाच नांगराच्या व्यवसायाचा सर्वांत मोठा खर्च होता, आणि तो कोणत्याही वहीत जमेस धरला गेला नसावा.

तिसरे प्रारूप : कुंडल रोडचा माळ

नांगराला ग्राहक मिळू लागले, तोच बेळगाव नगरपालिकेला विस्तारासाठी ती जागा हवी झाली व कारखाना हलविणे भाग पडले. या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात येण्याचे निमंत्रण दिले. ते १९०९ मध्येच गादीवर आले होते. कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळची जमीन व कर्जाऊ रक्कम त्यांनी उपलब्ध करून दिली. १९१० मध्ये निवडुंग व सापांनी भरलेल्या त्या माळावर सुमारे पंचवीस कामगार व त्यांची कुटुंबे यांच्यासह वसाहत उभी राहू लागली. तीच आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी होय.

या टप्प्यावर मध्यवर्ती मूल्य तेच राहिले. तक्त्याची डावी बाजू मात्र पार पालटली. भागीदाराच्या चौकटीत एक संस्थान आले. साधनांच्या चौकटीत जमीन व रेल्वे आली. जड ओतीव माल दूरवर पाठवायचा असल्याने माळ ओसाड असला तरी स्थानक जवळ असणे हे मोलाचे होते. प्रमुख कामांत मात्र नांगर घडविण्याइतकेच गाव वसविणेही समाविष्ट झाले. रामुअण्णांनी वसाहतीची व्यवस्था पाहिली, शंभुअण्णा जांभेकरांनी यंत्रशाळा सांभाळली. वाडीत अस्पृश्यता पाळण्यास बंदी होती आणि शिक्षा भोगलेल्या माणसांनाही रात्रीच्या राखणीचे काम दिले जाई. ‘मनुष्यबळ’ या एका शब्दाच्या चिठ्ठीत हे सामावत नाही.

चौथे प्रारूप : कंपनी आणि ‘खबर’

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी म्हणून नोंदली गेली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक सुरू केले. आरंभी ते कारखान्याचे वार्तापत्र होते. म्हणजे आराखड्याच्या भाषेत पोहोचण्याचा मार्ग व ग्राहकाशी नाते. पुढे त्याचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि १९३० मध्ये ‘स्त्री’ व १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही नियतकालिके निघाली. नांगर न घेणारा मोठा वाचकवर्ग त्यांना लाभला. जे साधन म्हणून आले तेच नव्या ग्राहकांसाठी स्वतंत्र मूल्य बनले. एका चौकटीतली चिठ्ठी दुसऱ्या चौकटीत गेल्याचे याहून स्पष्ट उदाहरण आपल्या सामाजिक इतिहासात क्वचित सापडेल.

आराखड्यात न मावणारे

नऊ चौकटींत काळाला स्थान नाही. तक्ता म्हणजे एका क्षणाचे चित्र. उद्योग मात्र अशा अनेक चित्रांची मालिका असतो. दुसरे म्हणजे सत्तेचा प्रश्न. नगरपालिकेने जागा मागितली व संस्थानाने जागा दिली, या दोन्ही घटना राजकीय आहेत. ऑस्टरवाल्डर व पिन्यूर यांनी बाह्य परिस्थितीचा विचार आराखड्याभोवती स्वतंत्रपणे केला आहे, परंतु वर्गात बहुधा मधला तक्ताच पोहोचतो. त्यामुळे अपयश आले की ते केवळ उद्योजकाचे, असा ग्रह विद्यार्थ्याच्या मनात रुजू शकतो. आश्रय न मिळालेले कारागीर त्या काळीही असतील. त्यांची चरित्रे लिहिली गेली नाहीत, एवढेच.

निष्कर्ष

१) आराखडा हा उत्तरपत्रिका नसून अनुमानांची यादी आहे. नांगराच्या उदाहरणात सर्वांत निर्णायक अनुमान, म्हणजे ग्राहकाचा विश्वास, कारखान्यात बसून सिद्ध होणारे नव्हते.

२) एकाच उद्योगाचे किमान तीन-चार तक्ते कालक्रमाने मांडल्यास व त्यांतील बदलांची कारणे शोधल्यास हा आराखडा अध्यापनात अधिक उपयुक्त ठरेल. येथे इतिहास व वाणिज्य या विभागांना एकत्र काम करता येईल.

३) प्रत्येक तक्त्यासोबत ‘जमीन, कायदा व सत्ता यांपैकी कोणाच्या आधारावर हे उभे आहे?’ हा प्रश्न विचारला जावा.

विद्यार्थ्याने नऊ रकाने भरले म्हणजे उद्योगाचे नियोजन झाले, असे मानू नये. त्यातील कोणती चिठ्ठी शेतकऱ्याच्या बांधावर गेल्यावर काढावी लागली, हे तो सांगू शकला, तरच आराखडा त्याला उमगला असे म्हणता येईल. गुणदानही त्याच आधारे व्हावे.