फ्रेंच टोस्ट आणि गोठवलेल्या फळांचा पाक

शिळा पाव टाकून देऊ नये; कोरड्या पावात दूध चांगले मुरते.

साहित्य : पावाचे ४ शिळे काप, २ अंडी, अर्धा कप दूध, ३ चमचे साखर, वेलचीपूड, लोणी, १ कप गोठवलेली स्ट्रॉबेरी.

कृती : स्ट्रॉबेरी २ चमचे साखरेसह मंद आचेवर शिजवावी. पाणी घालू नये. गोठताना पेशी फाटल्यामुळे रस आपोआप सुटतो. अंडी, दूध, वेलचीपूड व उरलेली साखर फेटावी. त्यात काप बुडवून लोण्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस भाजावेत. वरून पाक ओतावा.

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी दवनीवाड्यासारख्या गावी सहज न मिळाल्यास जूनमध्ये पिकणारी जांभळे बिया काढून गोठवावीत. ती तुरट असल्याने साखर थोडी वाढवावी.