रुतलेले नख



वैद्यकाच्या इतिहासात पटकी, प्लेग आणि देवी यांना मोठमोठी प्रकरणे मिळाली आहेत. पायाच्या अंगठ्याचे नख मांसात रुतणे, या दुखण्याच्या वाट्याला मात्र चार ओळीही क्वचितच येतात. तथापि ज्याला ते जडले आहे, त्याला एकेक पाऊल कसे जड होते हे सांगावयास नको. या क्षुल्लक दुखण्याचा इतिहास पाहू गेल्यास असे दिसते की, शस्त्रवैद्यांनी आधी मांसाला दोष दिला, मग नखाला दिला. आणि खरा अपराधी जो जोडा, त्याच्याकडे त्यांचे लक्ष फार उशिरा गेले.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत ‘क्षुद्ररोग’ या सदरात ‘चिप्प’ नावाचा विकार सांगितला आहे. नखालगतच्या मांसात दाह, ठणका आणि पू होणे, हे त्याचे लक्षण. आपण ज्याला नखुरडे म्हणतो, त्याच जातीचा हा विकार. रुतलेल्या नखाचा सख्खा शेजारीच म्हणा ना! गरम पाण्याने शेकावे, कापून दोष वाहू द्यावा, तेल लावून राळेचे चूर्ण टाकावे आणि पट्टी बांधावी, असा उपचार तेथे दिला आहे.

सातव्या शतकात अलेक्झांड्रियात वैद्यकी करणारा पॉल, आणि इ. स. 1000 च्या सुमारास स्पेनमधील कॉर्डोव्हा येथे होऊन गेलेला अल् झहरावी, यांनी प्रत्यक्ष रुतलेल्या नखाचेच वर्णन केले आहे. नखाचा कोपरा सळईने उचलावा, त्यावर चढलेले मांस कापावे आणि उरलेले डागून वा जहाल औषधाने जाळावे, ही त्यांची रीत.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसचा विख्यात शस्त्रवैद्य द्युपुइत्रां याने मोर्चा नखाकडे वळविला. कात्रीचे अणकुचीदार पाते नखाखाली सारून तो नखाचे उभे दोन भाग करी आणि रुतलेला भाग चिमट्याने उपटून काढी. तो 1835 साली वारला. ईथरची भूल जगापुढे आली ती 1846 साली. रोग्याने ते सारे शुद्धीवर राहून सोसले, एवढे म्हटले म्हणजे पुरे.

पुढे 1867 साली लिस्टरने जखमा निर्जंतुक ठेवण्यासाठी कार्बोलिक आम्लाचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्याच द्रव्याने, म्हणजे फिनॉलने, नखाच्या मुळाची कड जाळून टाकण्याची पद्धत 1945 साली अमेरिकेत बोल याने मांडली. वारंवार रुतणाऱ्या नखावर डॉक्टर आजही ती योजतात.

आता जोड्याकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातही युरोपात डाव्या-उजव्या पायांचे जोडे पुष्कळदा एकाच साच्याचे असत. 1781 साली डच शारीरशास्त्रज्ञ पेत्रुस कांपर याने उत्तम जोड्याच्या घडणीवर निबंध लिहिला. 1858 साली झुरिकच्या हेर्मान मायर याने पावलाच्या हाडांचा अभ्यास करून जोडा पायासारखा हवा, पाय जोड्यासारखा नव्हे, हे प्रतिपादन केले. अंगठा दाबला गेला की कडेचे मांस नखावर ढकलले जाते. त्यातच नखाचे कोपरे गोल वा खोल कापले की वाढणारी टोकदार कड मांसात शिरते.

हे कारण समजले म्हणजे घरचा उपाय आपोआप सुचतो. दिवसातून तीन-चार वेळा पाय पंधरा-वीस मिनिटे कोमट पाण्यात बुडवावा व नीट कोरडा करावा. नख मऊ झाल्यावर कडेचे मांस हलके मागे सारून कोपऱ्याखाली कापसाची बारीक वात ठेवावी आणि ती रोज बदलावी. नख सरळ कापावे, कोपरे बोटाच्या टोकाशी येऊ द्यावे. काही दिवस उघड्या तोंडाची चप्पल वापरावी. नखाच्या मध्यभागी खाच पाडली म्हणजे कडा आत ओढल्या जातात, हा समज निराधार आहे. नख मुळापासून वाढते, टोकाशी पाडलेल्या खाचेची त्याला दादही नसते.

मात्र घरचा उपचार म्हणजे घरची शस्त्रक्रिया नव्हे. नराणीने वा पात्याने कोपरा कोरून काढला की दोन दिवस बरे वाटते. परंतु मागे राहिलेला कण पुढे पुन्हा आत घुसतो. पू झाला, लाली पसरू लागली वा ताप आला, तर डॉक्टरांकडे जावे. आणि ज्यांना मधुमेह आहे, पायाची जाणीव कमी झाली आहे किंवा पायाकडचा रक्तप्रवाह मंदावला आहे, त्यांनी यांतले काहीही घरी न करता पहिल्याच दिवशी डॉक्टर गाठावा. बधिर पायाला पाण्याचा चटका कळत नाही आणि चिघळलेली जखमही कळत नाही. अशा जखमेपायी अंगठा, प्रसंगी पाऊलही, गमवावे लागते. नखाने होणाऱ्या कामाला कुऱ्हाड नको, हे खरे; पण ते काम नखाचे उरले आहे की नाही, हे वेळीच ओळखले पाहिजे.