नकाशावर न आलेले नाव

जगातले दुसऱ्या क्रमांकाचे उंच शिखर कोणते, असे विचारले तर शाळकरी मुलगाही सांगेल, 'के-टू'. पण हे काय नाव झाले? हिमालयात नंदादेवी आहे, अन्नपूर्णा आहे. मग या बलाढ्य पर्वताच्या वाट्याला नुसते एक अक्षर आणि एक आकडा का?

याचे उत्तर सर्वेक्षकाच्या वहीत आहे. इंग्रजी अमदानीत भारताची त्रिकोणमितीय मोजणी चालू होती. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन ठाऊक असले, की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. शिखरावर पाऊल न ठेवताही त्याची जागा आणि उंची ठरवता येते. १८५६ मध्ये थॉमस माँटगोमेरी या अधिकाऱ्याने काश्मीरमधील हरमुख पर्वतावर थिओडोलाइट लावला. सुमारे दोनशे किलोमीटरवर त्याला दोन उत्तुंग शिखरे दिसली. त्याने ती रेखाटली आणि खूण केली, के-१, के-२. 'के' म्हणजे काराकोरम.

खऱ्या नावांचा शोध नंतर घ्यायचा होता. के-१चे स्थानिक नाव 'माशेरब्रुम' मिळाले. के-२ मात्र इतके आत दडलेले, की वाटेवरच्या अस्कोले या शेवटच्या गावातूनही ते दिसत नाही. रूढ नाव मिळालेच नाही आणि तात्पुरती खूण कायमची झाली.

पण दुर्बिणीला रोखायला समोर काहीतरी हवे. त्यासाठी अनेक डोंगरमाथ्यांवर खांब रोवावे लागत. हे काम खात्यातले खलाशी करत. हे आपल्या कोकणातले दर्यावर्दी खलाशी नव्हेत. मोजणीचे सामान वाहणाऱ्या मदतनीसांना तिथे हाच शब्द होता. याच मोजणीत १८६० मध्ये एक खलाशी हिमाचलातील स्पितीच्या शिला शिखरावर खांब घेऊन चढला. त्या शिखराची उंची तेव्हा २३,०५० फूट धरली गेली, आणि ती चढाई पुढे कित्येक वर्षे जागतिक उच्चांक मानली गेली. नंतरच्या मोजणीत ही उंची सुमारे २०,००० फूटच भरली.

तरीही त्या काळात, आजच्यासारखी साधने नसताना, खांद्यावर खांब घेऊन तिथवर जाणे ही सामान्य गोष्ट नव्हे. शिखराची चुकलेली उंची पुढच्या पिढीने दुरुस्त केली. त्या खलाशाचे नाव मात्र कुणी लिहूनच ठेवले नाही, त्यामुळे ते आता शोधायचे तरी कुठे? के-टूला निदान क्रमांक तरी मिळाला.