कानामागचा धोतरा

बोट लागू नये म्हणून कानामागे लावायच्या त्या गोल चकतीत नवं औषध काहीच नाही, असं सांगितलं की गिऱ्हाइकं जरा नाराज होतात. डॉक्टरची चिठ्ठी आणायची, विमा कंपनीशी वाद घालायचा, एवढे पैसे मोजायचे, आणि ही बाई म्हणते औषध जुनंच! मी फ्लोरिडात फोर्ट लॉडरडेलला औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. इथल्या पोर्ट एव्हरग्लेड्स बंदरातून कॅरिबियन बेटांकडे क्रूझ सुटतात आणि शनिवार-रविवारी आमच्याकडे या पॅचसाठी रांग लागते. पावणेदोन सेंटिमीटर व्यासाची कातडीच्या रंगाची चकती, आत दीड मिलिग्रॅम स्कोपोलामिन. त्यातलं साधारण एक मिलिग्रॅम तीन दिवसांत अंगात जातं. निघण्याआधी किमान चार तास लावावी लागते, आणि बोट चारला सुटणार म्हणून दोन वाजता धावत येणारे रोज असतात. त्यांना मी पॅच देते, पण आजची संध्याकाळ तुमची तुम्ही बघा, हेही सांगते.

स्कोपोलामिन आपल्याकडे उकिरड्यावर उगवतं. धोतऱ्यात ते असतं, सोबत त्याचा भाऊबंद ॲट्रोपिनही. महाशिवरात्रीला आम्ही मालवणात पिंडीवर धोतऱ्याची फुलं वाहायचो आणि घरी आल्यावर आई आधी हात धुवायला लावायची. त्या हात धुण्याचं कारण मला फार्मसीच्या दुसऱ्या वर्षात कळलं.

या वनस्पतीबद्दलच्या जुन्या छापील नोंदींपैकी एक गोव्यातली आहे. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला आणि तिथेच राहिला. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होतं. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात हिंदुस्थानातल्या औषधींवर प्रश्नोत्तरं आहेत, आणि त्यात एक प्रकरण धोतऱ्याचं. मोलकरणीने मालकिणीला खाण्यातून धोतरा घातला आणि ऐवज घेऊन पोबारा केला, अशा तऱ्हेची हकीकत तो सांगतो. धोतरा पोटात गेलेला माणूस हसत राहतो, भान सुटतं, डोळ्यांदेखत दागिने नेले तरी अडवत नाही. पुढे लिन्सखोतेन नावाच्या डच प्रवाशाने गोव्यातल्या बायका नवऱ्यांना धोतरा देऊन गुंगवतात असं लिहून ठेवलं. त्यात बाजारगप्पा किती आणि खरं किती, याबद्दल मला शंका आहे. पण विषबाधेचं वर्णन मात्र अचूक आहे. वाटमारे वाटसरूंना धोतरा घालून लुटत, हे तर पुढे इंग्रजांच्या दप्तरांतही भरपूर सापडतं.

म्हणजे औषध ठाऊक होतं, त्याची ताकदही ठाऊक होती. ठाऊक नव्हतं ते प्रमाण. माणसाला वेडं करणारी मात्रा आणि पोटातली ढवळ थांबवणारी मात्रा यांत अंतर फार थोडं, आणि झाडाच्या बीमध्ये किती आहे हे झाडालाच माहीत.

रसायन वेगळं काढायचं काम जर्मनांनी केलं. १८८० साली आल्बर्ट लाडेनबुर्गने खुरासनी ओव्यातून हायोसिन काढलं. हायोसिन आणि स्कोपोलामिन एकच. दुसरं नाव आलं स्कोपोलिया या झाडावरून, आणि झाडाला ते मिळालं जोव्हान्नी स्कोपोली या अठराव्या शतकातल्या वैद्यावरून, जो आजच्या स्लोव्हेनियातल्या इद्रिया गावी पाऱ्याच्या खाणीत कामगारांवर उपचार करायचा. त्या बिचाऱ्याचा बोटीशी काही संबंध नव्हता. कारखान्यांना लागणारा माल आता मुख्यतः ऑस्ट्रेलियातल्या डुबॉइझिया नावाच्या झाडाच्या पानांतून येतो.

पण हे रसायन बोटीवर पोचायला वेळ लागला. तोवर लोक काय करत होते? आमच्याकडे लिंबू हुंगत होते. सत्तरच्या दशकात मुंबईहून गावी जायचं म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून कोकणबोट. ‘कोकणसेवक’, ‘कोकणशक्ती’ ही नावं आजही आमच्या पिढीला कुठल्याही विमान कंपनीपेक्षा जवळची वाटतात. डेकवर वळकटी पसरून जागा धरायची, आणि बोट खांदेरीच्या पुढे गेली की ज्यांना लागायची त्यांना लागायची. आईच्या पिशवीत आमसुलं, आलेपाक आणि लिंबं असत. आल्याचा थोडा गुण येतो असं पुढे अभ्यासांनीही म्हटलं, लिंबाचं मला सांगता येणार नाही. मालवणला बोट बाहेर समुद्रात उभी राहायची आणि पडावात उतरावं लागायचं. तिथे रात्रभर धीर धरलेले लोकही ओकत.

विलायतेत श्रीमंतांनी माणसाऐवजी बोटच सुधारायला घेतली. पोलाद स्वस्त करणारा हेन्री बेसेमर १८६८ मध्ये कॅलेहून डोव्हरला येताना इतका आजारी पडला की त्याने वेगळी बोट बांधवली. तिच्या पोटात सत्तर फूट लांबीचा एक दिवाणखाना, आसावर टांगलेला. बोट हलली तरी दिवाणखाना सपाट राहावा म्हणून एक माणूस पाणसळीकडे बघत हायड्रॉलिकचा दांडा ओढणार, अशी योजना. ८ मे १८७५ ला लोकांना घेऊन ती निघाली, तेव्हा दिवाणखाना चक्क बांधून ठेवलेला होता, आणि कॅलेला पोचल्यावर बोटीने धक्क्याचा काही भाग पाडला. तो दिवाणखाना पुढे केंटमधल्या एका घराला जोडला गेला आणि बागकाम शिकवणाऱ्या कॉलेजात व्याख्यानाची खोली झाला. जमिनीवर असल्यामुळे तिथे कुणाला मळमळलं नसावं.

हायोसिनला खरी संधी दिली दुसऱ्या महायुद्धाने. फ्रान्सच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवायचं, तर सपाट बुडाच्या होड्यांतून ओकत आलेला शिपाई लढणार कसा, हा सरळ प्रश्न होता. ब्रिटिशांनी आणि कॅनडाने सैनिकांवर औषधं तपासली. १९४४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांत हायोसिन सगळ्यांत पुढे होतं. अमेरिकनांनी त्यात झोपेचं औषध मिसळून आपली वेगळी कॅप्सूल केली. सहा जूनला नॉर्मंडीकडे जाणाऱ्या सैनिकांकडे गोळ्या होत्या, ओकायच्या पिशव्याही होत्या, आणि आठवणी लिहिणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी दोन्ही वापरल्याचं लिहिलं आहे. कुणाला गोळीने झोप आली, कुणाला घेऊनही उलटी झाली. आज मला हे साहजिक वाटतं. गोळी पोटात गेली की औषध रक्तात एकदम चढतं, मग भराभर उतरतं. चढतं तेव्हा तोंड कोरडं आणि डोकं जड, उतरतं तेव्हा पुन्हा ढवळ. आणि एकदा उलटी सुरू झाल्यावर गोळी घेऊन उपयोग काय, ती पोटात राहायला तर हवी.

युद्धानंतर ड्रामामिन आली. १९४७ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये अंगावर पित्त उठणाऱ्या एका बाईला नवं ॲलर्जीचं औषध दिलं होतं. तिने सहज सांगितलं की हल्ली ट्राम लागत नाही. त्याच नोव्हेंबरात सैनिकांनी भरलेल्या ‘जनरल बॅलू’ जहाजावर डॉक्टरांनी ते तपासून पाहिलं. चिठ्ठीशिवाय मिळणारी ही गोळी अजून खपते, आपल्याकडच्या एव्होमिनसारखीच, आणि दोन्हींनी झोप येते. धोपटमार्ग तोच, त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही.

मला यातला सगळ्यांत आवडणारा भाग आमच्याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला, पेन्साकोलाच्या नौदलाच्या प्रयोगशाळेत घडला. बोट लागण्याचं मूळ कानात आहे, याची कुणकुण जुनी होती. हार्वर्डच्या विल्यम जेम्सने १८८२ मध्येच लिहिलं होतं की मूकबधिरांपैकी पुष्कळांना गरगरतच नाही. अंतराळयात्रा जवळ आल्यावर पेन्साकोलाच्या ॲश्टन ग्रेबील यांनी गॅलॉडेट या बहिऱ्यांच्या कॉलेजातले अकरा पुरुष निवडले. त्यांतल्या दहांचा कान मेंदूज्वराने गेला होता, आणि कानाबरोबर तोल सांभाळणारं आतलं यंत्रही. त्यांतल्या चौघांना सलग बारा दिवस फिरत्या खोलीत ठेवलं, मिनिटाला दहा फेरे. काही झालं नाही. मग त्यांना नोव्हा स्कोशियाजवळच्या खवळलेल्या समुद्रात नेलं. बहिरी मंडळी पत्ते कुटत बसली आणि त्यांना तपासणारे शास्त्रज्ञच इतके आजारी पडले की प्रयोग सोडून द्यावा लागला.

त्याच सुमाराला कॅलिफोर्नियात एक माणूस अगदी वेगळा विचार करत होता. आलेहांद्रो झाफारोनी, जन्म १९२३, गाव मॉन्टेव्हिडिओ, उरुग्वे. हार्मोन्सवर काम केलेला रसायनशास्त्रज्ञ, सिंटेक्स कंपनीत मोठ्या पदावर. शरीरातल्या ग्रंथी औषधाचा घोट देत नाहीत, त्या थेंबाथेंबाने सोडतात, मग आपण सहा तासांनी गोळी का गिळतो, असं त्याचं म्हणणं. महादेवाच्या देवळातलं अभिषेकपात्र ज्याने पाहिलंय त्याला हे समजावून सांगायला नको. १९६८ मध्ये नोकरी सोडून त्याने आपल्या नावातली अक्षरं घेऊन ‘आल्झा’ कंपनी काढली, आणि १९७१ मध्ये औषध झिरपवणाऱ्या पट्टीचं पेटंट त्याला मिळालं.

पण कातडी हे दार नाही, भिंत आहे. तीतून बहुतेक औषधं जातच नाहीत. जाणारं हवं, आणि इतकं जहाल हवं की कणभर पुरेल. स्कोपोलामिन दोन्ही अटींत बसलं. शतकानुशतकं ज्या जहालपणामुळे ते विष ठरलं होतं, त्याच गुणाने ते पॅचसाठी निवडलं गेलं. १९७७ च्या पेटंटवर जॉन अर्कहार्ट, संतोष कुमार चंद्रशेखरन आणि जेन शॉ अशी तीन नावं आहेत. आतली रचना अशी: मागे न झिरपणारा थर, मग औषधाचा साठा, मग बारीक छिद्रांचा पॉलिप्रॉपिलिनचा पडदा, मग चिकट थर. वेग ठरवतो तो पडदा, कातडी नाही. चिकट थरातही थोडं औषध घातलेलं असतं, कारण पहिला भाग कातडी स्वतःच धरून ठेवते. तिची ती भूक भागली की पुढे एकसारख्या संथ गतीने, तीन दिवस. कानामागची जागा निवडली कारण तिथली कातडी औषधाला लवकर वाट देते. कान आणि तोल यांचा तिथे काही संबंध नाही, तरी निम्मी गिऱ्हाइकं तेच समजतात. १९७६ मध्ये पेन्साकोलाच्या ग्रेबील यांच्यासह जेन शॉ यांनी कातडीतून दिलेल्या स्कोपोलामिनचे निष्कर्ष छापले. १९७९ च्या शेवटी अमेरिकन सरकारने परवानगी दिली आणि १९८१ मध्ये सीबा-गायगी कंपनीने ‘ट्रान्सडर्म स्कोप’ बाजारात आणली. कातडीतून साऱ्या शरीराला औषध देणारी अमेरिकेत मान्यता मिळालेली ही पहिली पट्टी. नायट्रोग्लिसरीन, इस्ट्रोजेन, निकोटिन ही सगळी मागून आली.

चिठ्ठी कशाला लागते, हे विचारणाऱ्यांत आपली माणसं पुढे असतात. पुण्याहून मुलाकडे आलेले काका, मुलाने बहामाची क्रूझ ठरवलेली, आणि सुनेच्या पर्समध्ये तिचा उरलेला पॅच. मी विचारते, “काका, काचबिंदू आहे का? लघवीला अडतं का?” काका आधी मुलाकडे बघतात, मग माझ्याकडे, आणि म्हणतात, “प्रोस्टेटचा थोडा त्रास आहे, पण त्याचा कानाशी काय संबंध?” संबंध असा की औषध कानात नाही, रक्तात जातं. काही प्रकारच्या काचबिंदूत ते डोळ्याचा दाब वाढवतं, मूत्राशय सैल पाडून लघवी अडवतं, आणि सत्तरीच्या माणसाला रात्री केबिनच्या भिंतीवर माणसंही दाखवू शकतं. कित्येकांना तोंड कोरडं पडतंच. पॅच लावून तोच हात डोळ्याला लागला, तर त्या डोळ्याची बाहुली मोठी होते, आणि मेंदूत काही झालं या भीतीने इस्पितळात नेलेल्या लोकांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. त्यातून काटकसर म्हणून पॅच कात्रीने अर्धा करणारे भेटतात. पडदा कापला की वेग ठरवणारं काही उरत नाही. एक काढल्याशिवाय दुसरा लावायचा नाही, हेही सांगावं लागतं, आणि तीन दिवसांनी काढल्यावर चक्कर येऊ शकते, हे कुणाला ऐकायचंच नसतं.

जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याच्या माहितीपत्रकात आणखी एक इशारा घालायला लावला. पॅच लावलेल्या काही जणांना अंगाचा ताप धोकादायक पातळीला चढला, काहींना इस्पितळात न्यावं लागलं, काही दगावले. बहुतेक सतरापर्यंतची मुलं किंवा साठीपुढची माणसं होती, आणि मुलांसाठी या पॅचला मान्यताही नाही. कारण साधं आहे: हे औषध घाम थांबवतं. धोतरा खाल्लेल्याचं अंग कोरडं आणि तापलेलं असतं, हे कोकणातल्या कुठल्याही जुन्या वैद्याने सांगितलं असतं. आता ऑगस्टमध्ये कोणी पॅच घ्यायला आलं की काचबिंदू आणि प्रोस्टेटनंतर मी तिसरा प्रश्न विचारते, डेकवर उन्हात किती वेळ बसणार आहात? काका म्हणाले, “आम्ही तर उन्हासाठीच चाललोय.” त्यांना मी आल्याच्या वड्या दिल्या आणि बोटीच्या मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची केबिन मागून घ्यायला सांगितलं. तिथे हेलकावा कमी असतो.